वायकमची वारी: शंभर किलोचा स्ट्रायकर आणि त्याचं गाव

लंडनला येणारा आपला फुटबॉलवेडा माणूस ठरलेली ठिकाणं करतो. आर्सेनलच्या एमिरेट्स स्टेडियमची टूर, चेल्सीच्या स्टॅमफर्ड ब्रिजसमोर फोटो, जमलंच तर ट्रेननं लिव्हरपूल नाहीतर मँचेस्टर. करावं, त्यात वाईट काही नाही, पण मला विचाराल तर एक शनिवार मोकळा ठेवा आणि मॅरिलबोन स्टेशनवरनं हाय वायकमची गाडी पकडा. अर्ध्या-पाऊण तासात पोचता. मी गेलो ते एका माणसासाठी, आणि तो माणूस आता तिथं खेळतही नाही, २०२२ मध्येच रिटायर झाला. तरी गेलो, कारण त्याची करिअर ज्या क्लबकडं संपली त्याचं मैदान आणि गाव बघितल्याशिवाय मला ती नीट कळणार नव्हती.

अडेबायो अकिनफेन्वा. फिफा गेम खेळलेल्या पोरांना सांगायला नको, ताकदीच्या रेटिंगमध्ये वर्षानुवर्षं सगळ्यात वर असलेला तो धिप्पाड स्ट्रायकर, वजन शंभर किलोच्या वर, टोपणनाव बीस्ट. गेममुळे जगभर नाव झालं पण खरा तो किती लोकांनी खेळताना बघितला असेल? प्रीमियर लीगमध्ये तो एकही मॅच खेळलेला नाही. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगचे २० क्लब, त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू असे तीन मजले, प्रत्येकात २४ क्लब, म्हणजे सगळे मिळून ९२. अकिनफेन्वाचं जवळजवळ सगळं आयुष्य खालच्या दोन मजल्यांवर गेलं आणि तिथं त्यानं २०० च्या वर गोल केले.

मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या मॅचला लहानपणापासून जातोय, त्यामुळं पेठेसाठी खेळणारा स्ट्रायकर गावाचा किती असतो हे मला कुणी समजावायला नको. टीव्हीवर दिसतो तोच मोठा खेळाडू हे मला कधी पटलंच नाही.

तर वायकम. बकिंगहॅमशरमधलं मध्यम आकाराचं गाव, चिल्टर्न टेकड्यांच्या खोबणीत बसलेलं. हे गाव खुर्च्यांचं. आसपासच्या जंगलात बीचची झाडं भरपूर, पूर्वी कारागीर जंगलातच बसून खुर्चीचे पाय कातायचे आणि ते गावातल्या कारखान्यात जायचे, त्यामुळं वायकम वाँडरर्स क्लबचं टोपणनावच चेअरबॉइज. आता रस्त्यावर फिरताना पाकिस्तानी दुकानं, कॅरिबियन लोक (सेंट व्हिन्सेंट बेटावरनं आलेली मंडळी इथं पूर्वीपासून खूप), पोलिश दुकानं, सगळं दिसतं. स्टेशनवरनं खाली उतरलं की हाय स्ट्रीट, तिथं गिल्डहॉलची जुनी लाल विटांची इमारत, आणि या गावाची एक प्रथा आहे जी मला फार आवडली. दरवर्षी मे महिन्यात नव्या महापौराचं भर चौकात, तराजूच्या खुर्चीत बसवून, वजन करतात. जुन्या महापौराचंही करतात आणि मागच्या वर्षीपेक्षा भरलं तर वजन ओरडून सांगणारा पुढं ‘आणि वर थोडं’ अशी पुस्ती जोडतो, मग गर्दी हुर्यो उडवते, कारण अर्थ सरळ आहे की साहेब लोकांच्या पैशावर खाऊन सुटले. कमी भरलं तर टाळ्या. सतराव्या शतकापासूनची चाल आहे म्हणतात.

माणसाचं वजन चौकात मोजणाऱ्या या गावानं शंभर किलोच्या स्ट्रायकरवर मात्र सहा वर्षं जीव ओवाळून टाकला! आणि हा तोच माणूस, ज्याला तरुणपणी कोचेस सांगायचे की या शरीराला फुटबॉल झेपणार नाही.

त्याची सुरुवात कुठनं झाली ते बघा. १९८२ चा जन्म, लंडनच्या इझलिंग्टनमधला, आईवडील नायजेरियन. वॉटफर्डच्या ज्युनियर टीममध्ये होता पण तिथं पुढं काही झालं नाही. मग १९ व्या वर्षी कुठं गेला तर लिथुआनियाला, बाल्टिक समुद्रावरच्या क्लाइपेडा गावात, अटलांटास नावाच्या क्लबकडं. लंडनचा काळा पोरगा, भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही आणि मैदानात त्याच्या रंगावरनं अख्खं स्टँड घोषणा देतंय. त्यानं नंतर मुलाखतींमध्ये हे सगळं सांगितलंय, घरी परत यावंसं वाटत होतं हेही सांगितलंय. पण राहिला, आणि २००१ च्या लिथुआनियन कपच्या फायनलमध्ये विजयी गोल त्याचाच. मला त्याच्या करिअरमधला हा भाग सगळ्यात मोठा वाटतो, वेम्बलीपेक्षाही. वेम्बलीवर, म्हणजे मोठ्या फायनल जिथं होतात त्या लंडनच्या स्टेडियमवर, हजारो माणसं तुमच्या बाजूनं ओरडत असतात, क्लाइपेडात त्याच्या बाजूनं कोण होतं?

परत आल्यावर वेल्समधला बॅरी टाऊन, तो क्लब आर्थिक अडचणीत सापडला आणि हा पुन्हा रस्त्यावर. २००३-०४ च्या एकाच सीझनमध्ये बॉस्टन युनायटेड, लेटन ओरिएंट, रशडन अँड डायमंड्स आणि डॉनकास्टर. चार क्लब, चार गावं, चार ड्रेसिंग रूम्स. खालच्या लीगमधलं आयुष्य हे असं असतं, करार एक-दोन वर्षांचे, कधी महिन्यांचे, जून संपला की करार संपला, मग एजंटच्या फोनची वाट बघायची, ट्रायल द्यायची. भाड्याचं घर बदलायचं, पोरांची शाळा बदलायची. पुढं टॉर्की, मग स्वान्सी. स्वान्सीला तो जमला, २००६ मध्ये फुटबॉल लीग ट्रॉफीच्या फायनलला कार्लाइलविरुद्ध विजयी गोल मारला, पण त्याच वर्षी बार्न्सलीविरुद्ध प्लेऑफ फायनल (वरच्या लीगमध्ये चढायच्या शेवटच्या जागेसाठीची मॅच) पेनल्टी शूटआउटवर गेली आणि हुकलेल्या पेनल्टींमधली एक त्याची. मग पाय मोडला. मिलवॉलमध्ये एक गोल नाही. तिथनं नॉर्थॅम्पटन, गिलिंगहॅम, परत नॉर्थॅम्पटन, परत गिलिंगहॅम. ज्या क्लबनं एकदा सोडलं त्यांनीच पुन्हा बोलावलं, दोन्हीकडं, यातच माणूस कसा असेल ते आलं.

ॲडम्स पार्क गावाच्या पश्चिमेला आहे. मॅचच्या दिवशी स्टेशनजवळनं बस असते, चालत गेलात तर पाऊण-एक तास धरा, मी चालत गेलो आणि ते बरं झालं. शेवटचा रस्ता हिलबॉटम रोड, दोन्ही बाजूला गोडाऊनं, गॅरेजेस, छोटे कारखाने, मध्येच वाटतं की आपण नक्की चुकलोय, आणि रस्ता जिथं संपतो तिथंच स्टेडियम, त्याच्या मागं हिरवी टेकडी आणि झाडी. जायला यायला हा एकच रस्ता. अख्खं पब्लिक फिकट निळ्या-गडद निळ्या चौकड्यांच्या जर्सीत त्याच रस्त्यानं चाललेलं, आजोबा, नातू, व्हीलचेअरवरच्या एक बाई, कुणालाही कसली घाई नाही. वर आकाशात लाल घारी, दुभंगलेल्या शेपटीच्या. या घारी या भागातनं पार नाहीशा झाल्या होत्या, १९८९ पासून स्पेनमधनं पिल्लं आणून इथं सोडली आणि आता त्या गावावर खुशाल घिरट्या घालतात.

हे मैदान १९९० चं. फ्रँक ॲडम्स नावाच्या क्लबच्या जुन्या खेळाडूनं क्लबला आधीचं मैदान देऊन टाकलं होतं, म्हणून नव्याला त्याचं नाव. दहा हजारांच्या आसपास माणसं मावतात. मी गोलच्या मागच्या उभ्यानं बघायच्या टेरेसवर गेलो, कागदी कपातला चहा आणि चिप्स घेऊन. शनिवार, दुपारी तीन. इंग्लंडमध्ये शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच टीव्हीवर लाइव्ह फुटबॉल दाखवतच नाहीत, कारण घरबसल्या मोठ्या क्लबची मॅच मिळाली तर या छोट्या मैदानांवर कोण येणार, आणि गेटवरचं तिकीट हीच या क्लबची भाकरी. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो.

माझ्या बाजूला सत्तरीचे एक आजोबा होते. मी अकिनफेन्वाचं नाव काढलं आणि गडी सुटलाच. म्हणाले, लोकांना वाटतं तो नुसता अंगानं मोठा होता, ते काही खरं नाही, तू त्याची छाती बघायला पाहिजे होतीस. मग त्यांनी चहाचा कप कठड्यावर ठेवला आणि करूनच दाखवलं. मैदानाकडं पाठ केली, गुडघे थोडे वाकवले, दोन्ही हात जरा फाकवले, जणू मागं डिफेंडर आहे आणि त्याला आपण कुठं हलायचं ते ठरवू देणार नाही. बॉल लांबनं येतो, छातीवर घ्यायचा, तो तिथं मेल्यासारखा पडला पाहिजे, मग एका टचमध्ये बाजूनं पळत येणाऱ्याला द्यायचा. बस. हे नव्वद मिनिटं करायचं, आणि मागनं दोघं धक्के मारत असताना करायचं. त्यानंतर मी मॅचमध्ये दुसरं काही बघितलंच नाही, फक्त आमच्या बाजूच्या नऊ नंबरकडं बघत बसलो आणि किती बॉल त्याच्या छातीवरनं उडून जात होते ते बघून कळलं की ही विद्या आहे.

याच आजोबांनी मला रॉय एसांडोची गोष्ट सांगितली, म्हणजे ती मला माहिती होती पण त्यांच्या तोंडून ऐकायची मजा वेगळी. २००१, एफए कपची (इंग्लंडमधल्या छोट्या-मोठ्या सगळ्या क्लबांची बाद स्पर्धा) क्वार्टर फायनल, समोर प्रीमियर लीगमधलं लेस्टर, आणि वायकमचे स्ट्रायकर झाडून सगळे जखमी. मॅनेजर लॉरी सांचेझनं जाहीर आवाहन केलं की कुणी स्ट्रायकर आहे का, ती बातमी टेलिटेक्स्टवर, म्हणजे टीव्हीच्या पडद्यावर वाचायच्या बातम्यांमध्ये, आली, एसांडोच्या एजंटनं वाचली. पोरगा आला, बदली खेळाडू म्हणून उतरला आणि शेवटच्या मिनिटांत हेडर मारून मॅच २-१ जिंकून दिली. सेमीफायनलला लिव्हरपूलकडनं हरले, तेही २-१ च. सांगताना आजोबांचे डोळे भरले होते आणि मॅच चालू आहे याचं त्यांना भान नव्हतं.

अकिनफेन्वा वायकमला आला त्याची कथा २०१६ ची. त्याआधी दोन वर्षं तो एएफसी विम्बल्डनला होता, म्हणजे तो क्लब, जो मूळ क्लब मिल्टन कीन्सला न्यायचं ठरल्यावर २००२ मध्ये चाहत्यांनी स्वतः उभा केला आणि नवव्या पायरीवरनं सुरुवात केली. जानेवारी २०१५ मध्ये त्यांच्या पाच हजारही माणसं न मावणाऱ्या मैदानावर एफए कपला लिव्हरपूल आलं. अकिनफेन्वा लहानपणापासूनचा लिव्हरपूलचा भक्त. त्याच्या लाडक्या जेरार्डनं, लिव्हरपूलच्या कॅप्टननं, आधी एक मारला, मग यानं गोल मारून बरोबरी केली, आणि शेवटी जेरार्डनंच दुसरा मारून मॅच नेली. पुढच्या वर्षी मे महिन्यात वेम्बली, लीग टूची प्लेऑफ फायनल, समोर प्लिमथ, १-० चालू असताना इंज्युरी टाइममध्ये पेनल्टी मिळाली. बॉल यानं घेतला. दहा वर्षांपूर्वी अशाच फायनलला याची पेनल्टी हुकली होती. या वेळी आत! आणि मॅचनंतर टीव्हीवाल्यासमोर उभा राहून ३४ वर्षांचा हा हिरो म्हणतो, टेक्निकली मी आता बेरोजगार आहे, मॅनेजर लोकांनी व्हॉट्सॲप करा. विम्बल्डननं करार संपवला होता, त्याचाच गोल वेम्बलीवर, आणि त्यालाच काम नाही. मला तो व्हिडिओ बघताना दर वेळी हसू येतं आणि लगेच घसा दाटतो.

वायकमच्या तेव्हाच्या मॅनेजरनं, गॅरेथ एन्सवर्थनं, त्याला घेतला. ३४ वर्षांच्या माणसाला अजून सहा वर्षं मिळाली. २०१८ ला लीग वनमध्ये चढले. २०१९-२० चा सीझन कोविडमुळं मध्येच थांबला, सरासरी पॉइंट्सवर वायकम तिसरे धरले गेले, प्लेऑफमध्ये फ्लीटवुडला हरवलं आणि १३ जुलै २०२० ला रिकाम्या वेम्बलीवर ऑक्सफर्डला २-१. १८८७ साली स्थापन झालेला क्लब पहिल्यांदा चॅम्पियनशिपमध्ये, आणि अकिनफेन्वा ३८ व्या वर्षी पहिल्यांदा दुसऱ्या मजल्यावर. या वेळी तो म्हणाला, आता मला व्हॉट्सॲप करायचं तर फक्त क्लॉपनं, म्हणजे लिव्हरपूलच्या तेव्हाच्या मॅनेजरनं, करायचं. आणि क्लॉपनं खरंच व्हिडिओ मेसेज पाठवला! लिव्हरपूलनं तीस वर्षांनी लीग जिंकली होती त्याच उन्हाळ्यात. आजोबा म्हणाले, त्या दिवशी आम्हाला वेम्बलीला जाता आलं नाही, आम्ही खिडक्यांतनं ओरडलो.

पुढच्याच वर्षी खाली आले, आणि मे २०२२ मध्ये सत्तर हजारांवर प्रेक्षकांसमोर सन्डरलँडविरुद्धची लीग वनची प्लेऑफ फायनल २-० हरून चाळीस वर्षांच्या अकिनफेन्वानं बूट काढले.

लोक म्हणतात की बिचाऱ्याला वर खेळायला मिळालं नाही. मला नाही पटत. ज्या माणसाला बॅरीपासून वायकमपर्यंत इतक्या गावांनी आपलं मानलं त्याला बिचारा कसं म्हणायचं?

जाणाऱ्यांसाठी थोडं: तिकीट क्लबच्या साइटवर आधी काढून ठेवा, टेरेसचंच काढा. परतीला मॅच संपल्यावर तो एकच रस्ता तुंबतो, तेव्हा बससाठी धावू नका, टेकडीच्या बाजूला जरा रेंगाळा. आणि सीझन एप्रिल-मेला संपतो, महापौराचं वजन मे मध्ये असतं, त्यामुळं दोन्ही एकाच फेरीत जमवायचं असेल तर वायकम प्लेऑफला पोचलेलं पाहिजे, तेवढी प्रार्थना आपण सगळे करूया.