सॅडलखालचे दोन मिलिमीटर

गिटार दुरुस्तीच्या कामात लोक बहुधा बिघडलेलं वाद्य घेऊन येतात. ती मुलगी आली ती तीन धडधाकट गिटार घेऊन, तिन्ही पारखायला म्हणून उसन्या आणलेल्या. "काका, यातली एकच घ्यायचीय. क्लासिकल सोडणार नाही आणि फ्लॅमेंकोही नीट वाजवायचंय." सोबत तिची मैत्रीण होती, फ्लॅमेंको, म्हणजे स्पेनचा पायांच्या ठोक्यांचा नाच, नाचणारी. नाचाचे बूट ती बरोबर घेऊनच आली होती, आणि पुढे त्या बुटांनीच मला सगळ्यात जास्त शिकवलं.

पहिली गिटार शिसवीची क्लासिकल, वरची फळी सीडरची. दुसरी ब्लांका, म्हणजे पाठ आणि बाजू फिकट सायप्रसच्या, उचलली की हलकी लागणारी. तिसरी नेग्रा: बांधणी फ्लॅमेंकोची, पाठ आणि बाजू मात्र शिसवीच्या. मुलीचा जीव पहिलीवर जडला होता. "हिचीच ॲक्शन खाली करून द्या ना," ती म्हणाली. ॲक्शन म्हणजे तारांची फ्रेटपासूनची, म्हणजे नेकवरच्या (गिटारच्या मानेवरच्या) धातूच्या आडव्या पट्ट्यांपासूनची उंची.

मी आधी पट्टी लावतो, मत मागून देतो. बाराव्या फ्रेटवर सगळ्यात जाड तार ४ मिलिमीटर उंच होती. क्लासिकलला हे योग्यच, कारण जोरात छेडलेल्या तारेला हलायला जागा लागते. फ्लॅमेंकोला ती ३ च्या आसपास किंवा त्याहून थोडी खाली हवी. आता बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर येतो, म्हणून तिथे एक मिलिमीटर उतरवायचा तर सॅडल, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती ब्रिजवरची छोटी पट्टी, दोन मिलिमीटर घासावं लागतं. या गिटारचं सॅडल ब्रिजच्या, म्हणजे फळीवर चिकटवलेल्या तारा बांधायच्या ठोकळ्याच्या, वर जेमतेम दीड मिलिमीटर होतं. घासणार काय? आणि पार खाली नेलं, तर तार सॅडलवरून खाली वळताना जो कोन करते तोच जातो आणि आवाज मरगळतो. इथे खरा प्रश्न नेकच्या कोनाचा असतो. तो गिटार बांधतानाच ठरतो. दुरुस्तीच्या टेबलावर सहज बदलत नाही.

तिला ते पटलं, पण मनाला लागलेलं दिसत होतं. मग मैत्रिणीने बूट चढवले. "हिच्यावरच सोलेआ वाजव, मी करून बघते." सोलेआ हा फ्लॅमेंकोतला एक प्रकार; त्याचं बारा ठोक्यांचं आवर्तन, जोर तीन, सहा, आठ, दहा आणि बारावर. मुलीचं रासगेआदो, म्हणजे बोटांनी तारा झरझर झोडणं, स्वच्छ होतं, बोटं एकामागोमाग सुटत होती. तरी पाचसहा आवर्तनांत नाचणारी थांबली. "आवाज सुंदर आहे गं, पण मागचा ठोका संपायच्या आत पुढचा येतोय. पायाला धरायला काही सापडत नाही."

गिटारमधलं काहीही न जाणणाऱ्या माणसाने इतकं नेमकं बोललेलं मी क्वचितच ऐकलंय. शिसवीच्या क्लासिकलचा रेंगाळणारा सूर हा तिचा दागिना, आणि नाचाच्या साथीत नेमका तोच आड येतो.

ब्लांकावर पाय लगेच सुटले. ठोका चटकन उठतो, चटकन विरतो. शिवाय ब्रिजपाशी तारा फळीपासून साधारण ८ मिलिमीटरवर. क्लासिकलवर हेच अंतर १० ते १२ असतं. फळीवर नखाने गोल्पे, म्हणजे ठोका, मारायचा तर ही जवळीक फार सोयीची, आणि फळीवर गोल्पेआदोर, म्हणजे ठोके झेलणारा पातळ पत्रा, चिकटवलेला असल्याने ओरखडे पडत नाहीत. मऊ सीडरवर त्याच्याविना गोल्पे मारताना मला बघवत नाही. पण मुलीने ब्लांकावर संथ सराबांद, म्हणजे क्लासिकलमधली एक जुनी नृत्यरचना, धरली, तेव्हा लांब सूर पुढचा येण्याआधीच विझू लागले. आपोयांदोत, म्हणजे तार छेडून बोट शेजारच्या तारेवर टेकवताना, जोर दिला की जाड तारा फ्रेटला लागून करकरायच्या. फ्लॅमेंकोत ती किंचित करकर चालते, कित्येकांना आवडतेही. सराबांदेत नाही चालत.

राहिली नेग्रा. मुलगी तिला सारखी बाजूला सारत होती: "ही धड ना इकडची, ना तिकडची." मला मात्र तिचं सॅडल दिसत होतं. ब्रिजच्या वर चांगलं उंच, आणि तरीही बाराव्या फ्रेटवर तार फक्त २.८ मिलिमीटर. म्हणजे नेकचा कोन सखल ॲक्शनसाठीच धरलेला. अशा गिटारला उंच सॅडल बसवून वर नेता येतं.

लाकडाची अढी तिच्या मनात फार होती, म्हणून मी तिला स्पेनमधल्या अल्मेरियाच्या गिटार बनवणाऱ्या आंतोनियो दे तोरेसचं सांगितलं. आजच्या गिटारचा घाट बराचसा त्याचाच. त्याने सायप्रसच्याही गिटार केल्या आणि शिसवीच्या जातभाईंच्याही. १८६२ मध्ये तर एका गिटारची पाठ आणि बाजू त्याने पुठ्ठ्याच्या केल्या. पाठीच्या लाकडाने फरक पडतो, नाही असं नाही. पण वरची फळी, तिच्याखालच्या पट्ट्या आणि नेकचा कोन यांची मोजणी आधी करावी.

मी हाडाचं दुसरं सॅडल घासायला घेतलं, मूळच्यापेक्षा सुमारे दीड मिलिमीटर उंच. त्याने जाड तार बाराव्या फ्रेटवर साडेतीनच्या आसपास आली. क्लासिकलचे पूर्ण ४ नव्हेत, पण तिच्या हाताला पुरेसे. सराबांद पुन्हा वाजली. पहिलीची मखमल हिच्यात नव्हती, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. पण सूर टिकत होते, करकर गेली होती, आणि मधल्या आवाजांची ओळ वेगळी ऐकू येत होती. मग मूळ सॅडल परत घातलं, मैत्रीण उभी राहिली, आणि दोघी न थांबता बुलेरिआपर्यंत, म्हणजे फ्लॅमेंकोच्या वेगवान प्रकारापर्यंत, पोचल्या.

तिने नेग्रा घेतली. रोज कोणतं सॅडल ठेवायचं यावर दोघींचं बराच वेळ जमेना. मी सखलच ठेवायला सांगितलं, कारण नाचाची साथ दर आठवड्याला होती आणि क्लासिकलचं वादन अधूनमधून. सॅडल बदलताना सगळ्या तारा सैल कराव्या लागतात, नायलॉन पुन्हा सुरात स्थिरावायला वेळ घेतं. म्हणून बदल कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी करायचा, त्या दिवशी सकाळी नाही. हे तिने माझ्यासमोर वहीत लिहून घेतलं.