सड्यावर घर बांधताना: ‘कातळ लागल्यास जादा’

राजापूर तालुक्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, आमची जागा आहे. तिथे घर बांधायला ठेकेदाराशी मटेरियलसकट, चौरस फुटाच्या दराने करार केला. ग्रामपंचायतीची परवानगी, नकाशा हे सगळं सुरळीत झालं. पुढे खोदाईत जे घडलं त्याचा राग मात्र अजून गेलेला नाही.

करारात एक ओळ होती: ‘कठीण कातळ लागल्यास खोदाई जादा.’ सड्यावर कातळ लागणार नाही तर काय लागणार? चार बोटं माती उकरली की खाली जांभा दगडच. ठेकेदार स्वतः जागा फिरून गेला होता. होणारच असलेला खर्च बाहेर ठेवून त्याने दर कमी दाखवला. ही फसवणूकच आहे.

पायाला फार खोल जावं लागलं नाही, खाली कातळच होता. अडलं ते सेप्टिक टँकच्या खड्ड्यापाशी. जांभ्याचा वरचा थर उन्हावाऱ्याने इतका कडक होतो की कुदळ नुसती उसळते. खाली गेलं की तो नरम पडतो. कातळ फोडायचं मशीन, ब्रेकर, आला आणि बिल लागलं तासावर. मशीन बिघडून उभं होतं, ते तासही त्यात! ठेकेदाराला विचारलं तर म्हणतो, “ताई, मशीन दारात आलं की मीटर चालू.”

मी म्हटलं, तास राहू देत, आपण खड्डा मोजू. टेप घेऊन खड्ड्यात उतरले. लांबी 10 फूट, रुंदी 6, खोली 7, म्हणजे 420 घनफूट. 100 घनफुटांचा एक ब्रास, तेव्हा झाले 4.2 ब्रास. त्यातही कातळ वरचा तीनच फूट, म्हणजे 1.8 ब्रास. खाली कुदळीने निघालेल्या मातीला कातळाचा दर कशासाठी? त्याने काम थांबवलं, फोन उचलेना. पावसाळा तोंडावर, जीव टांगणीला लागला होता. तरी पैसे अडवून धरले. शेवटी ब्रासवर हिशेब झाला आणि बिल निम्म्याहून खाली आलं. त्या दिवशी शांत झोप लागली.

खड्ड्यातून निघालेला तोच मुरूम जोत्यात भरला आणि ‘भराव’ म्हणून त्याचंही वेगळं बिल लावलं! तेही काढायला लावलं. म्हणून खोदाईचा माल कुठे जातो यावर लक्ष ठेवा, रोज फोटो काढा.

सही करण्याआधी खोदाईचा दर ब्रासवर लिहून घ्या, माती आणि कातळ वेगवेगळे. छज्जे, जिना, पडवी क्षेत्रफळात कशी मोजणार तेही लिहून घ्या. आमच्याकडे छज्जे पूर्ण दराने धरले होते. जीएसटी दरात आहे की वर, हेही विचारा. स्लॅबवरची पत्र्याची शेड, गडगा (दगडी कुंपण), विजेचा मीटर दरात नसतात असंच धरून चाला.

पाण्याचं सांगायचं राहिलं. एप्रिल-मेमध्ये सड्यावरच्या विहिरी तळ गाठतात आणि स्लॅबला, जांभ्याच्या चिऱ्यांच्या बांधकामाला तर रोज पाणी मारावं लागतं. टँकरचे पैसे कोण देणार, हे करारातच लिहून घ्या.