पांढरी पाच आणि १०० हर्ट्झची घरघर

आमच्या गाण्याच्या बाई तरुणपणी काळी चारमध्ये गायच्या, म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी पट्टी हा त्यांचा सा. सत्तरी उलटल्यावर अर्ध्या सुराने खाली आल्या, आता पट्टी पांढरी पाच. त्यांच्याकडच्या बंदिशींपैकी कित्येक कुठेच छापलेल्या नाहीत, म्हणून सवड मिळेल तशी मी त्यांच्या घरी जाऊन ध्वनिमुद्रण करते.

पांढरी पाचला तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालच्या सा ची तार, साधारण ९८ हर्ट्झला लागतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि तिची घरघर बऱ्याचदा त्याच्या दुपटीत, म्हणजे १०० हर्ट्झला उमटते. मध्ये अंतर फक्त दोन हर्ट्झचं. ही घरघर मुद्रणात शिरली की खर्ज सेकंदाला दोनदा हेलकावतो. हेडफोन लावल्या लावल्या बाई म्हणतात, "खर्ज उतरलाय गं!" तार अगदी सुरात असते.

"नंतर सॉफ्टवेअरने साफ करू" हे इथे चालतच नाही. १०० हर्ट्झवर फिल्टर लावावा तर खर्जाचा गाभाच कापला जातो. नॉइज रिडक्शनची तऱ्हा त्याहून वाईट. जो आवाज न बदलता सतत चालू आहे तो गोंगाट, अशी त्या सॉफ्टवेअरची समजूत, आणि तानपुऱ्याचं तर कामच सतत चालू राहणं! परदेशातून व्हिडिओ कॉलवर शिकणाऱ्यांना हे माहीत असेल. झूममधला 'ओरिजिनल साउंड' (आवाज न गाळता पाठवण्याची सोय) सुरू केला नाही तर बाईंचा आवाज पोचतो आणि मागचा तानपुरा गडप होतो.

त्यामुळे घरघर मुळात आतच येऊ द्यायची नाही, एवढ्यासाठी माझी सगळी मांडामांड. लॅपटॉपच्या आतल्या साउंड कार्डाला प्रोसेसर, वीजपुरवठा, पंखा या सगळ्यांचा शेजार असतो. म्हणून ध्वनीचे आकडे करण्याचं काम बाहेरच्या डब्याकडे, म्हणजे कन्व्हर्टरकडे. माझ्याकडे आरएमईचा एडीआय-२ प्रो आहे. त्यात माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारा प्रीअँप नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो. माइक ते प्रीअँप आणि प्रीअँप ते कन्व्हर्टर, सगळ्या केबल बॅलन्स्ड एक्सएलआर, वाटेत शिरलेली घरघर रद्द करणाऱ्या. दोन्ही डबे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावते, म्हणजे अर्थिंग एकच राहतं. लॅपटॉप मात्र बॅटरीवर, चार्जर भिंतीतूनच काढलेला. खोलीतला पंखा बंद, फ्रीज बंद, इन्व्हर्टर दुसऱ्या खोलीत. मार्च-एप्रिलमध्ये बाईंना घाम येतो, पण दोन बंदिशींच्या मध्येच पंखा लावायचा हा त्यांनी स्वतः घालून दिलेला नियम.

२४ बिटमध्ये मुद्रण करण्याचा खरा फायदा मला गायकीत दिसला. बाई खर्जातला आलाप अगदी हलक्या आवाजात घेतात आणि द्रुतात तार सप्तकात आवाज मोकळा सोडतात. एका बिटामागे साधारण ६ डेसिबल धरले तर १६ बिटला ९६ आणि २४ बिटला कागदावर १४४ डेसिबलचा पल्ला, म्हणजे सर्वांत हलक्या आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर, मिळतो. प्रत्यक्षात चांगल्या कन्व्हर्टरकडून १२०च्या आसपास हाती लागतो, आणि तो पुष्कळ झाला. सुरुवातीला बाईंकडून एक जोरकस तान घेऊन पातळी उणे १२ डेसिबलवर (कमाल मर्यादेच्या १२ खाली) बसवते. नंतर दोन तास गेनला, म्हणजे पातळीच्या बटणाला, हात लावत नाही. मोठा आवाज दाबणारा कॉम्प्रेसर तर नाहीच. आलाप आणि तान यांच्या आवाजातलं अंतर हा त्या गाण्याचाच भाग आहे, ते सपाट करण्याचा मला अधिकार नाही.

सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला ध्वनीची किती मोजमापं घ्यायची ते, ९६ किलोहर्ट्झ ठेवते. त्याने कानाला न ऐकू येणारं काही ऐकू येतं असं मी मानत नाही; २० किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं ४४.१ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटमध्येही मावतं. पण जुन्या टेपांच्या डिजिटायझेशनसाठी अभिलेखागारांमध्ये ९६/२४ (९६ किलोहर्ट्झ, २४ बिट) रूढ आहे, आणि बाईंचं गाणं त्याच तोडीने जपलं जावं असं मला वाटतं. १९२ने फाइल दुप्पट होते, माझ्या हाती त्यातून काही पडत नाही.

ध्वनिमुद्रणाला रीपर हे सॉफ्टवेअर वापरते. ९६/२४ची स्टिरिओ फाइल तासाला सुमारे २ जीबी होते आणि साध्या वेव्ह फाइलची मर्यादा ४ जीबी, म्हणजे दोन तासांतच भरते. बाई एकदा रंगल्या की घड्याळ कोण बघतं! म्हणून सेटिंगमध्ये आरएफ६४ (४ जीबीची मर्यादा नसलेला वेव्हचा प्रकार) निवडून ठेवावं. बफर (लॅपटॉप एका वेळी साठवून घेतो तेवढे सॅम्पल) १०२४ ठेवते, कारण रेकॉर्ड होतंय ते थेट कन्व्हर्टरवरूनच ऐकते, उशिराचा प्रश्नच येत नाही. वायफाय बंद.

तानपुरे मिरजेचे, जवारी (तारा टेकतात त्या घोडीचा घासून साधलेला पृष्ठभाग) तिथल्याच कारागिरांकडून काढून आणलेली. माइक घोडीच्या अगदी समोर लावला तर जवारीची नुसती झणझण येते, म्हणून तो वीतभर बाजूला, तबली (भोपळ्यावरची लाकडी पाटी) आणि दांडी जुळते त्या बाजूला वळवून लावते. तार आणि घोडी यांच्यामधला जवारीचा दोरा केसभर सरकवला तर जेवढा फरक पडतो, तेवढा कुठल्याही प्लगइनने पडलेला मी ऐकला नाही.

सध्या दोन्ही तानपुरे आणि गळा मिळून एकाच स्टिरिओ जोडीत येतात. पुढच्या बैठकीपासून गळ्याला वेगळा माइक देऊन तिसऱ्या ट्रॅकवर घ्यायचा विचार आहे. कन्व्हर्टरचे अॅनालॉग इनपुट दोनच, त्यामुळे आणखी एक कन्व्हर्टर डिजिटल इनपुटवर जोडून दोन्ही एकाच क्लॉकवर, म्हणजे मोजमापाच्या एकाच ठोक्यावर, चालवावे लागतील. कुणी घरच्या बैठकीत असं केलं असेल तर माइक गळ्यापासून किती अंतरावर ठेवलात, ते नक्की लिहा.