तुम्ही विचारलंत म्हणून: परक्यांच्या दारात मी का उभी राहते

मंडळात कुणी ना कुणी विचारतंच, "पोटनिवडणुकीसाठी एवढ्या थंडीत दारोदार फिरून तुला काय मिळतं गं?"

काही मिळत नाही. न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवरच्या आमच्या हिक्सव्हिलकरांना आपले खासदार जॉर्ज सँटोस यांचं प्रकरण नव्याने सांगायला नको. १ डिसेंबर २०२३ ला अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाने त्यांना ३११ विरुद्ध ११४ मतांनी काढलं. कार्यालयातले कर्मचारी फोन उचलत होते, पण सभागृहात आपल्या वतीने मत देणारं कुणी उरलं नव्हतं. मला ते सहन होईना, म्हणून त्या जागेच्या पोटनिवडणुकीत मी डेमोक्रॅट उमेदवार टॉम स्वॉझींची पत्रकं घेऊन निघाले.

एका मराठी घरात वहिनींनी चहा ठेवला होता. पत्रक पाहिलं आणि पातेलं गॅसवरून उतरवलं. "समोरची रिपब्लिकन उमेदवार पिलिप इथिओपियात जन्मलेली, इस्रायलच्या सैन्यात होती, मग इथे आली. तुझ्यामाझ्यासारखीच बाहेरची. आणि तू सीमेवर कडक बंदोबस्त मागणाऱ्यासाठी फिरतेस? माझ्या भाचीचं ग्रीन कार्ड किती वर्षं रखडलंय, तिच्या तोंडावर सांगशील हे?"

मी भांडले. स्वॉझींनी सहा वर्षं इथलं प्रतिनिधित्व केलंय, पिलिप एकाच वादविवादाला तयार झाल्या. आणि बाहेरची म्हणून मत द्यायचं, तर आपला माणूस बघून शिक्का मारणं गावीच काय वाईट होतं? हे मी आजही म्हणेन. पण भाचीबद्दल मी एक शब्द बोलू शकले नाही. सीमेवरची ती भाषा मलाही टोचत होती, आणि तरी पत्रकं माझ्याच हातात होती. वहिनींनी दार लावलं. पुढच्या घराची बेल दाबायला हात उचलेना.

नागरिकत्वाची शपथ घेताना मी मनात म्हटलं होतं, पासपोर्ट मिळाला की झालं, यांचं राजकारण यांना लखलाभ. शपथ घेणाऱ्या त्या माझ्यातल्याच बाईशी मी अजून वाद घालते. ती विचारते, १३ फेब्रुवारीला बर्फातून लोक आले, तुझा माणूस निवडून आला, भाचीचं काय झालं? मी म्हणते, रिकाम्या खुर्चीकडे तर मागताही येत नाही. तिला ते पटत नाही. मलाही रोज पटतं असं नाही.

शाळेच्या बजेटचं मतदान मेच्या तिसऱ्या मंगळवारी असतं. वहिनींच्या गल्लीत जाणार आहे. त्यांनी पुन्हा तेच विचारलं तर उत्तर नाही माझ्याकडे, तरी जाणार.