हे सगळं लेखकाच्या मनात होतं का?

जुन्या नाटकांवर आणि सिनेमांवर बोलायला बसले की शेवटी एक प्रश्न येतोच. ‘तुम्ही सांगता ते पटतंय, पण हे सगळं लेखकाच्या मनात होतं का हो? की तुम्हीच आपलं शोधून काढता?’ विचारणारं कुणीही असतं. कधी परीक्षेसाठी नाटक वाचणारी मुलगी, कधी माझ्यापेक्षा दुप्पट प्रयोग पाहिलेले एखादे काका. इतकी वर्षं मी निघायच्या घाईत काहीतरी उत्तर देत आले. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

आधी एका कडीबद्दल बोलू.

विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे १९६७ चं नाटक. सुरुवातीला एका हौशी नाटकमंडळीतली लीला बेणारे आणि त्या गावचा सामंत एका रिकाम्या हॉलमध्ये येतात. दाराच्या कडीत बेणारेचं बोट चेमटतं, ती ते तोंडात धरते, आणि ही कडी नीट सरकवली नाही तर दार बाहेरून कसं बंद होतं ते सामंत तिला समजावतो. आपण ऐकतो आणि विसरतो. मग बाकीची मंडळी जमतात. रात्रीच्या प्रयोगाला वेळ असतो, सामंताला कोर्टाचं कामकाज दाखवायचं असतं, म्हणून एक खोटा खटला उभा राहतो आणि गंमत म्हणून बेणारेला आरोपी केलं जातं. आरोप भ्रूणहत्येचा. बघता बघता खेळाचा खेळपणा उडून जातो. ती पर्स उचलून दाराशी जाते. दार उघडत नाही. बाहेरून कडी पडलेली असते.

पहिल्या वाचनात ही कडी माझ्या नजरेतून पार सुटली होती. दुसऱ्यांदा दाराशी पोचले तेव्हा पानं उलटत मागे गेले आणि ते चेमटलेलं बोट सापडलं. तेंडुलकरांनी ती कडी विचार करून ठेवली की लिहिता लिहिता आली, हे मला माहीत असण्याची गरज नाही. मी एवढंच विचारते: कडी काढून टाकली तर काय बदलेल? खटला तसाच चालेल, पण बेणारे तिथे का थांबते याचं उत्तर बदलेल. ती हट्टाने थांबली किंवा लाजेने थांबली असं म्हणावं लागेल. कडी आहे म्हणून ती अडकलेली आहे. आणि ती कडी कुणी मुद्दाम लावलेली नाही. त्या खोलीतल्या एकाही माणसाने तिला कोंडायचं ठरवलेलं नव्हतं. तरी ती कोंडली जाते आणि मग सगळे त्याचा फायदा घेतात. ही माणसं कशी आहेत हे सांगायला मला त्यांच्या भाषणांपेक्षा ती कडी जास्त उपयोगी पडली.

तर माझं उत्तर असं. लेखकाच्या मनात काय होतं ते तपासायला माझ्याकडे साधन नाही. नाटकात काय आहे ते तपासायला आहे. मी जे म्हणते ते संहितेत बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे, आणि ती गोष्ट काढली तर नाटक कुठेतरी हललं पाहिजे. नाही हललं तर तो अर्थ माझा होता, नाटकाचा नव्हता.

हे मी एका चुकीतून शिकले. एका प्रयोगात तिसऱ्या अंकात रंगमंचाचा डावा कोपरा हळूहळू अंधारात जात होता आणि नायिकेची आई नेमकी त्या कोपऱ्यात बसलेली होती. मी त्यावर मोठ्या भक्तिभावाने लिहिलं: घरातून पुसली जाणारी बाई, वगैरे. पुढे त्या संचातल्या प्रकाशवाल्याने सांगितलं की त्या दिवशी त्या बाजूचा डिमर, म्हणजे प्रकाश कमीजास्त करायचं यंत्र, बिघडला होता. मला फार लागलं ते. पण त्या संध्याकाळी मी जे पाहिलं ते खोटं नव्हतं, ते त्या एका प्रयोगाचं होतं. नाटकाबद्दल बोलायचं तर ती आई बोलते काय, कुणाकडे बघते, तिला कोण उत्तर देत नाही, हे मी पाहायला हवं होतं. ते पाहायला गेले तेव्हा कळलं की तिसऱ्या अंकात तिच्या एकाही वाक्याला कुणी उत्तर देत नाही. माझं म्हणणं बरोबर निघालं, पण पुरावा दुसरीकडे होता.

काही जण म्हणतात, लेखकालाच विचारून टाकावं. विचारलेलं आहे, लोकांनी. जपानी दिग्दर्शक कुरोसावांच्या ‘राशोमोन’चं (१९५०) चित्रण सुरू होण्याआधी त्यांचे तीन सहायक दिग्दर्शक त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, आम्हाला ही पटकथाच कळत नाही. कुरोसावांनी सांगितलं की माणूस स्वतःबद्दल स्वतःशीसुद्धा प्रामाणिक राहू शकत नाही, गोष्ट त्याची आहे. तिघांपैकी एकाला ते शेवटपर्यंत पटलं नाही. मला त्या तिसऱ्याबद्दल आपुलकी वाटते. खुलासा खरा असला तरी तो एका वाक्याचा आहे, आणि सिनेमात एक लाकूडतोड्या आहे जो खुनाच्या जागेवरच्या खंजिराबद्दल गप्प बसतो. तो गप्प का बसतो हे त्या एका वाक्यातून उमगत नाही. त्यासाठी त्याचा चेहरा पाहावा लागतो.

आणि नॉर्वेचा नाटककार इब्सेन. ‘अ डॉल्स हाउस’ १८७९ साली कोपनहेगनला रंगमंचावर आलं. नोरा शेवटी नवरा आणि मुलं सोडून दाराबाहेर पडते. जर्मनीत ते करायचं ठरलं तेव्हा नोराचं काम करणाऱ्या नटीने हा शेवट नाकारला, मी माझी मुलं सोडून कधी जाणार नाही म्हणाली. दुसऱ्या कुणी शेवट मोडण्यापेक्षा आपणच लिहावा म्हणून इब्सेनने स्वतः दुसरा शेवट लिहून दिला. त्यात नवरा तिला मुलांच्या खोलीच्या दाराशी नेतो आणि ती तिथे कोसळते, जात नाही. इब्सेनला स्वतःला तो शेवट नाटकावरचा रानटी अत्याचार वाटत होता.

माझ्या लेखी ही घटना पात्राच्या अभ्यासाचा सगळ्यात चांगला धडा आहे. दोन्ही शेवट एकाच माणसाने लिहिले. लेखकाचं मन हाच पुरावा मानला तर दोन्ही सारखेच खरे ठरायला हवेत. ते ठरत नाहीत, कारण तोवर नोरा तयार झालेली आहे. पहिल्याच प्रवेशात ती नवऱ्याच्या चोरून मॅकरून, म्हणजे गोड बिस्किटं, खाते, ओठ पुसते आणि तो विचारतो तेव्हा चक्क नाही म्हणते. इतक्या लहान गोष्टीसाठी खोटं बोलावं लागतं अशा घरात ही बाई आठ वर्षं राहिली आहे. त्याच नवऱ्याच्या जिवासाठी तिने एका कागदावर खोटी सही केलेली आहे, आणि ते उघडकीला येतं तेव्हा त्याला पहिली आठवते ती स्वतःची अब्रू. हे सगळं आपण पाहिल्यावर ती दाराशी कोसळली तर ती दुसरीच कुणी बाई होते. पात्र एकदा उभं राहिलं की लेखकालाही त्याच्या मनाविरुद्ध वाकवता येत नाही. तिथपासून मी ‘लेखकाला काय म्हणायचंय’ हा प्रश्न मागे ठेवते आणि ‘या बाईला काय हवंय, ती त्यासाठी काय करते, काय करायचं टाळते’ इथून सुरुवात करते.

आशयसूत्र त्यानंतर. आधी आशय ठरवला की पात्रं त्याची उदाहरणं होऊन बसतात. नोरा म्हणजे स्त्रीमुक्ती, असं एका शब्दात गुंडाळलं की मॅकरून दिसत नाहीत. १८९८ साली नॉर्वेच्या स्त्रियांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेने सत्कार केला, तेव्हा इब्सेन म्हणाला होता की आपण जाणूनबुजून त्या चळवळीसाठी लिहिलेलं नाही. म्हणून ते नाटक स्त्रियांचं राहिलं नाही का? राहिलंच, आणि ते मॅकरूनमुळे, त्या सहीमुळे, त्या दारामुळे.

टाळलेल्या गोष्टींबद्दल म्हटलं, तर रशियन नाटककार चेखोव्हच्या ‘चेरी ऑर्चर्ड’मधला एक प्रवेश सांगायलाच हवा. हे नाटक १९०४ साली मॉस्को आर्ट थिएटरने केलं. चेखोव्ह त्याला विनोदी नाटक म्हणत राहिला, दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीने ते शोकात्म बसवलं, हा वाद सर्वांना माहीत आहे आणि मला तो फारसा महत्त्वाचा वाटत नाही. मला शेवटच्या अंकातली दोन माणसं महत्त्वाची वाटतात. इस्टेट विकत घेतलेला लोपाखिन आता जमीनदारीणबाईंच्या मानलेल्या मुलीला, वार्याला, मागणी घालणार, म्हणून सगळे मुद्दाम त्यांना एकटं सोडतात. ती सामानात काहीतरी शोधत असल्यासारखं करते. तो हवेबद्दल बोलतो, तीन अंश थंडी आहे म्हणतो. ती म्हणते, बघितलं नाही, आणि आमचं थर्मामीटर मोडलंय. बाहेरून कुणीतरी त्याला हाक मारतं आणि तो निघून जातो, जणू त्या हाकेचीच वाट पाहत होता. लग्नाचा शब्दसुद्धा निघत नाही. याच भूदासाच्या मुलाने नाटकभर जमीनदारांना वाचण्याचा उपाय पुन्हा पुन्हा सांगितलेला असतो, प्लॉट पाडा, बंगल्यांसाठी भाड्याने द्या. व्यवहार बोलायला त्याची जीभ अडखळत नाही. इथे मात्र ती हलत नाही. विनोदी म्हणा, शोकात्म म्हणा, मोडलेलं थर्मामीटर दोन्हीकडे तेच आहे.

सिनेमात कॅमेरा हाही एक बोलणारा असतो, त्यामुळे तिथे आणखी एक प्रश्न जोडावा लागतो: हे मला कुणाच्या डोळ्यांनी दाखवलं जातंय? सत्यजित राय यांच्या ‘चारुलता’ची (१९६४) सुरुवात जवळजवळ बोलण्याशिवाय आहे. चारु खिडकीच्या झडपांआडून छोट्या दुर्बिणीतून रस्त्यावरची माणसं बघते, एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीकडे धावत. मग नवरा पुस्तकात डोकं घालून तिच्या जवळून जातो. त्याला ती दिसत नाही. ती दुर्बीण उचलते आणि त्याच्याकडे पाहते. चार पावलांवरच्या माणसाकडे दुर्बिणीतून! पुढे बागेत ती पुन्हा दुर्बीण लावते, आधी एका बाईकडे, तिच्या कडेवरच्या मुलाकडे, आणि मग नवऱ्याच्या चुलतभावाकडे, अमलकडे. ती एकटी आहे असं कुणीही म्हणत नाही, आणि तिला स्वतःला काय होतंय हे तिच्याआधी आपल्याला कळतं. दुसऱ्यांदा आलेल्या वस्तूकडे मी नेहमी थांबून पाहते. बेणारेची कडी दोनदा येते, चारुची दुर्बीण दोनदा. पहिल्यांदा ती वस्तू असते. दुसऱ्यांदा तिच्यावर माणसाचा हात पडलेला असतो.

जे येतच नाही त्याकडेही बघावं लागतं. ‘शांतता!’मध्ये बेणारेच्या पोटातल्या मुलाचे वडील, प्रोफेसर दामले, कधीच येत नाहीत. साऱ्या खटल्यात त्यांच्यावर कुणी आरोप ठेवत नाही, आणि शिक्षा सुनावली जाते ती बेणारेच्या पोटातल्या गर्भाला. भ्रूणहत्येच्या आरोपाखाली तिला उभं केलं होतं, हे लक्षात ठेवून तो निकाल वाचा. मी तो वाचून दाखवते तेव्हा खोलीत कुणी हालचाल करत नाही, आणि लेखकाच्या मनात काय होतं हे त्या क्षणी कुणीच विचारत नाही.

सध्या मी सामंतापाशी थांबले आहे. तो बाहेरचा, साधा माणूस. साक्ष द्यायला सांगितलं म्हणून तो एका कादंबरीतला मजकूर वाचून दाखवतो, आणि तो नेमका बेणारेच्या आयुष्याला जाऊन भिडतो. बाकीचे त्याचा पुरावा करतात. त्याला हे कळतं का? कुठल्या ओळीनंतर कळतं? शेवटी सगळे प्रयोगाच्या तयारीला लागतात, आणि तो भाच्यासाठी घेतलेला हिरवा कापडी पोपट तिच्याजवळ ठेवतो, अंग चोरून, लांबूनच. काही बोलत नाही. मी कितीदा तरी ते पान वाचलं. एका वाचनात तो पोपट माफी असतो, दुसऱ्यात नुसती भीती. ती तो उचलत नाही.