न कोमेजणारं झाड

कपाशीला तहान लागली की ती भर दुपारी माना टाकते. आमच्या यवतमाळकडचा शेतकरी धुऱ्यावरूनच ओळखतो, आज पाणी द्यावं लागते. माझ्या कुंडीतलं जुनिपर, बोन्साय म्हणून लहानच ठेवलेलं सदाहरित झुडूप, मात्र काही सांगतच नाही. मुळं मेली तरी ते कित्येक आठवडे हिरवं दिसतं, आणि रंग फिका पडेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. म्हणून रोज सकाळी खराट्याची काडी कुंडीत खुपसून बघायची. ओलसर निघाली तर पाणी नाही. कोरडी निघाली तर खालच्या भोकांतून निथळेस्तोवर. फारच शंका आली तर नखानं फांदीची साल इवलीशी खरवडायची. आत ओला हिरवा पदर दिसला म्हणजे जीव आहे.

माझ्याकडची जात मूळची दक्षिण जपानच्या समुद्रकाठची, खडकांवर सरपटत पसरणारी. आमची काळी माती त्याला कुठून मानवणार? पावसाळ्यात फुगून लोंदा, उन्हाळ्यात पंजा आत जाईल अशा भेगा. मुळांशी पाणी तुंबलं की जुनिपर कुजलंच. १९२३च्या भूकंपानंतर टोकियोचे काही बोन्सायवाले चांगली माती-पाणी बघून जवळच्या ओमियाला गेले आणि १९२५मध्ये तिथं बोन्सायचं गावच वसलं. मला गाव सोडणं शक्य नाही, तेव्हा मातीच बदलली. वीटभट्टीवरचा भाजका चुरा आणि मुरूम, दोन्ही चाळून. भुकटी फेकायची, ज्वारीच्या दाण्यापासून तुरीच्या दाण्याएवढे खडे तेवढे ठेवायचे.

आईचा डोळा शेंड्यांवर. हरभऱ्याचे शेंडे खुडले की फुटवे येतात, वर भाजीही होते. "याचेही खुड ना, मस्त फुटीन," ती म्हणते. पण जुनिपरचे शेंडे नखानं खुडले की टोकं तपकिरी पडतात. लांब सुटलेली काडी कात्रीनं कापायची, तीही आत, जिथून फुटली तिथून. आईला हे अजून पटलेलं नाही.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की कुंडी कडुनिंबाखाली. सकाळचं ऊन मिळतं, दुपारचं चुकतं. कोरड्या हवेत लाल कोळी ही बारीक कीड येते. ती नुसत्या डोळ्यांनी पानात सापडत नाही. फांदीखाली पांढरा कागद धरायचा, फांदी झटकायची आणि कागदावरचे ठिपके चालतात का ते बघायचं. चालले तर पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा. पाहुणे सुचवतात, आत कूलरसमोर ठेवा. उलट घरातच ते हळूहळू मरतं. त्याला उघडं आभाळ लागतं, थंडीही लागते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या आसपास उतरतो, तेवढीच त्याची झोप.

शेजारचे काकाजी येता-जाता थांबतात. "ना सावली, ना फळ. कायले पोसतं बाप्पा?" मी म्हणतो, तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल तरी कुठं वखर ओढतो, काकाजी? त्याले तोरण बांधताच ना? ते हसतात. एकदा नातवासाठी एखादं झाड मागायला आले, तेव्हा मी सरळ सांगितलं, जुनिपरच्या नादी लागू नका, उंबर लावा, इथल्या हवेत तो मरत नाही.

"उंबर तं विहिरीच्या भेगेत बी येते," काकाजी म्हणाले, "त्याले कुंडी कायले?"