दोन्ही गोळ्या आम्हीच झाडलेल्या

झोप लागणार नाही हे दिसतंय, म्हणून लिहायला बसले.

आज कोर्टात माझी साक्ष होती, बंदुका आणि गोळ्या तपासणारी तज्ज्ञ म्हणून. उलटतपासणीत आरोपीच्या वकिलांनी मला शेवटी एवढंच विचारलं, "म्हणजे मयताच्या शरीरातली गोळी याच गावठी कट्ट्यातून सुटली, असं तुम्ही म्हणत नाही?" मी "नाही" म्हटलं. ते लगेच खाली बसले. पुढचं वाक्य माझ्या तोंडात होतं, ते तसंच राहिलं. सरकारी वकिलांनी फेरतपासणीत एक प्रश्न टाकला असता तर... त्यांनी फाईल मिटली. जाऊ दे.

बाहेर व्हरांड्यात त्या बाई, मयत मुलाची आई. "ताई, मग कुणाची होती ती गोळी?"

मला बोलता येत नाही म्हणाले आणि जिना उतरले. जुन्या सीबीएस बसस्टँडच्या गर्दीतून चालत राहिले, रिक्षा करायचंही सुचलं नाही. त्या बाईंनी माझं "नाही" म्हणजे "ही ती बंदूकच नव्हे" असं ऐकलं. मला तसं म्हणायचं नव्हतं. ती गोळी त्या कट्ट्यातून सुटली नाही, असंही मी म्हणत नाही. पण हे कोर्टात कुणी विचारलंच नाही.

कारखान्यातल्या पिस्तुलाच्या नळीत पिळदार खाचा असतात. त्यांचे ठसे गोळीवर उठतात, आणि त्या खाचा कापताना हत्याराने सोडलेल्या बारीक रेषाही उठतात. त्याच रेषा आम्ही कम्पॅरिझन मायक्रोस्कोपखाली जुळवतो, अर्ध्या भागात एक गोळी, अर्ध्यात दुसरी. हा कट्टा 315 बोअरचा (बोअर म्हणजे नळीचं भोक), नळी म्हणजे आतून गुळगुळीत पाइप, तोही गोळीपेक्षा किंचित सैल. काडतुसाच्या बुडावर 'केएफ'चा शिक्का, म्हणजे काडतूस खडकीच्या सरकारी कारखान्यातलं आणि ते फोडणारं हत्यार कुणाच्या तरी भट्टीवरचं. सैल नळीतून गोळी हेलकावत जाते. आज डाव्या अंगाने घासेल, उद्या उजव्या. मऊ लोखंड प्रत्येक बार उडताना थोडं खरवडलं जातं, म्हणजे पुढच्या गोळीला नळीच वेगळी मिळते.

चाचणीसाठी आम्ही तो शिकंज्यात आवळून, आडोशामागून दोरीने खटका ओढून झाडला होता. असली हत्यारं हातात धरून झाडायची नसतात, कधी मागूनच फुटतात. कापसाच्या पेटीतून काढलेल्या गोळ्या मी मायक्रोस्कोपखाली शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही आम्हीच झाडलेल्या, एकाच नळीतून, एका मागोमाग. एका गोळीच्या कडेला ठसठशीत ओरखडा, दुसरीवर त्याच जागी तांब्याचं वेष्टण जवळजवळ कोरं. कितीही फिरवून पाहिलं तरी रेषेला रेष लागेना. जिथे त्याच एकमेकींशी जुळत नाहीत, तिथे त्या मुलाच्या छातीतल्या गोळीबद्दल मी शपथेवर काय सांगू?

झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी असती तर गोष्ट वेगळी होती. फायरिंग पिनचा, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या खिळ्याचा खड्डा, नळीमागच्या पृष्ठभागाचे ठसे तिच्यावर चांगले उमटतात. पण एकबारी कट्टा पुंगळी बाहेर फेकत नाही. मारणारा ती नळीतच घेऊन निघून जातो. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 7 वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसाने घटनास्थळी जायचं, असं आलंय. चांगलंच आहे. पण त्या रात्री आम्ही तिथे असतो तरी पुंगळी मिळाली नसती.

नाशिकात पिस्तुलाचा विषय निघाला की कुणीतरी विजयानंद थिएटर आणि 21 डिसेंबर 1909 काढतंच. तिथे कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घालणारे अनंत कान्हेरे सगळ्यांदेखत जागीच धरले गेले, गोळी कुणाची हा प्रश्नच नव्हता. इथे पाहणारं कुणी नाही. सगळा भार त्या चेपलेल्या शिशाच्या तुकड्यावर, आणि तो तुकडा बोलत नाही. मग बोल लागतो मला. दिवसदिवस मान अवघडेपर्यंत बघायचं आणि शेवटी त्या बाईंच्या नजरेत मीच सोडून देणारी.

जेवताना नानांना सांगितलं. सातपूरला जन्म लेथवर गेला त्यांचा, त्यांना फार सांगावं लागत नाही. ते म्हणाले, "बोअरच मापात नाही, तर खूण कशी धरणार? नाही ते नाहीच लिहायचं." थोड्या वेळाने म्हणाले, "पण ते का नाही, हे त्या माऊलीला कुणी सांगितलं?"

अहवालात आहे ते. दुसऱ्या पानावर. चाचणीच्या गोळ्या आपसातही जुळल्या नाहीत, सबब तुलना शक्य नाही. गोळीवर पिळाच्या खुणा नाहीत, म्हणजे ती गुळगुळीत नळीतूनच सुटलेली. कट्टा चालू स्थितीत आहे, पूर्वी वापरलेला आहे, पण कधी ते सांगता येत नाही. सगळं आहे. आज पान उलटलं गेलं नाही.

कोर्टात दुसऱ्या टोकाला आरोपी पोराचा बाप उभा होता. त्याच्याकडे मी नीट पाहिलंच नाही. माझ्या तेवढ्याच वाक्यावर तोही उभा होता, आणि ते वाक्य मी कुणासाठीच बदलणार नाही. एवढं आता पक्कं वाटतंय. त्या बाईंचं मात्र अजून तसंच आहे.

सकाळी सरांशी बोलायचं. मतानंतर लगेच, पहिल्याच पानावर, कारण यायला हवं, आणि खाली चाचणीच्या त्या दोन गोळ्यांचा फोटो. फोटो पाहिल्यावर न्यायाधीश स्वतःच विचारतील. टेबलावर मालेगावचं एक सील न फोडलेलं पाकीट आहे, त्यालाच आधी करून बघते.